पायरीपाशी ब्रेक सोडताना

पुण्याच्या वेताळ टेकडीवर मी जातो त्या पायवाटेत कातळाची एक पायरी आहे. उंची वीतभर, फार तर सव्वा वीत. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा गप्पा मारत तिच्यावरून उतरतात आणि आपण पायरी उतरलो हे त्यांच्या लक्षातही येत नाही. सात वर्षांपूर्वी याच पायरीवर माझं कॉलरबोन मोडलं. दोष पायरीचा नव्हता, माझ्या उजव्या हाताच्या बोटांचा होता. पुढचं चाक कडेवर आलं, खालचा उतार एकदम दिसला, पोटात गोळा आला आणि बोटांनी पुढचा ब्रेक करकचून आवळला. चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबलो नाही. हँडलवरून कोलांटी मारून खालच्या मुरमात पडलो, तो नेमका डाव्या खांद्यावर.

पुढचे सहा आठवडे हात गळ्यात अडकवून घरी बसलो. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'या वयात कशाला नसतं धाडस?' काही दिवस मलाही तसंच वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं, की इथे धाडस कमी-जास्त असण्याचा संबंधच नव्हता. कडेवर पुढचा ब्रेक दाबला तर सायकल काय करते, हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच. डोंगरातल्या सायकलिंगमध्ये ज्याला आत्मविश्वास म्हणतात, तो बहुतेक वेळा असा साधा असतो : पुढच्या दोन सेकंदांत आपलं चाक काय करणार आहे याचा अंदाज. हा अंदाज शिकता येतो. चाळिशी उलटल्यावरही येतो.

ज्यांनी हौसेने जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली सायकल घेतली आहे, रस्त्यावर ती मजेत चालवतात, पण टेकडीवर धोंडे दिसले की ज्यांचे हात आखडतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उड्या मारत जाणाऱ्या पोरांना यातलं काही सांगायला नको. उलट तीच आपल्याला शिकवतील.

आधी सीटवरून उठा

रस्त्यावर आपण सायकलवर बसतो. दगडांवर मात्र उभं राहायचं असतं. दोन्ही पायडल एका पातळीत, म्हणजे एक पुढे आणि एक मागे. अंगाचा भार तळपायांवर, हातांवर नाही. गुडघे थोडे वाकलेले, कोपरं थोडी वाकून बाहेरच्या अंगाला आलेली, कंबरेतून किंचित पुढे झुकलेलं. कबड्डीत चढाईला आलेल्या गड्यासमोर बचावाला उभा असलेला खेळाडू आठवा. अंग सैल, पण कुठल्याही बाजूला हलायला तयार. नेमकी तीच ठेवण हवी.

यामागचं कारण अगदी साधं आहे. आपल्या सायकलींचं पुढचं सस्पेन्शन दबून दबून साधारण शंभर मिलिमीटर दबतं. हात आणि पाय त्याच्या कितीतरी पट दुमडतात. खरं सस्पेन्शन आपल्या गुडघ्यांत आणि कोपरांत आहे. दुकानात त्याचे पैसे पडत नाहीत म्हणून आपण त्याची किंमत करत नाही. सीटवर घट्ट बसून दगडावरून गेलात तर प्रत्येक धक्का आधी पाठीच्या कण्याला आणि मग चाकाच्या पकडीला बसतो. उभं राहिलात तर सायकल तुमच्याखाली वर-खाली नाचते आणि डोकं जवळजवळ एका रेषेत पुढे जातं. पायडल एका पातळीत ठेवायचं ते मात्र वेगळ्या कारणासाठी. खाली गेलेलं पायडल दगडाला ठोकर देतं आणि सायकल आडवी फेकली जाते.

उतार लागायच्या आधी सीट खाली घ्या. चार बोटं तरी, तीव्र उतार असेल तर वीतभर. हँडलवरच्या बटणाने खाली-वर होणारी सीट आता मिळते, पण ती महाग आहे आणि सुरुवातीला तिच्यावाचून काही अडत नाही. साधा खटका उघडून सीट खाली दाबायला अर्धं मिनिट लागतं. सीटच्या दांड्याला रंगीत चिकटपट्टीची एक खूण करून ठेवा, म्हणजे चढाला पुन्हा नेमक्या उंचीवर आणता येते.

हँडलवरची पकड पाण्याने भरलेला तांब्या उचलताना असते तेवढीच ठेवा. घाबरलेला माणूस हँडल आवळतो, आवळल्याने कोपरं ताठ होतात आणि ताठ कोपरांतून प्रत्येक दगड थेट खांद्यात पोचतो. दोन किलोमीटरनंतर हाताला मुंग्या येत असतील तर तुम्ही हँडलला लोंबकळत आहात असं समजा.

बाभळीकडे बघू नका

आमच्या गटातला एक जण मोकळ्या माळावर, पन्नास पावलांत एकच बाभूळ होती तिथे, नेमका त्या बाभळीत शिरला. काटे काढताना तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, 'मी तिलाच चुकवायला बघत होतो रे!' बघत होता, तेच चुकलं. नजर जाते तिकडे मान वळते, मानेमागे खांदे वळतात, आणि खांद्यांमागे हँडल. दगडाकडे टक लावाल तर दगडावरच जाल. दोन दगडांमधल्या फटीकडे बघाल तर फटीतून जाल.

नजर किती पुढे ठेवायची? चालण्याच्या वेगाने जात असाल तर तीन-चार मीटर. वेग वाढला की आठ-दहा. समोरचा धोंडा एकदा बघून घ्यायचा, त्याची जागा मनात टिपायची आणि नजर पुढे सोडायची. तो धोंडा चाकाखाली येईल तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बघत नसता. पहिल्या दिवशी हे फार अस्वस्थ करतं. याची सवय लावायला एक उपाय आहे, जरा वेडगळ वाटेल : पुढचं ठिकाण मोठ्याने म्हणायचं. 'पांढरा दगड... डावीकडची सपाटी... झाडाची मुळी.' फिरायला आलेली माणसं विचित्र नजरेने बघतात, पण महिन्याभरात नजर आपोआप पुढे जायला लागते.

ब्रेकचं दुखणं जुनंच

आपल्या सायकलीचा पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे? गंमत म्हणून विचारत नाही. आपल्याकडे तो बहुधा उजव्या हाताला असतो, पण काही देशांतल्या पद्धतीने जोडलेल्या सायकलींवर डाव्या हाताला येतो. मित्राची सायकल घेऊन टेकडीवर गेलेला माणूस मागचा समजून पुढचा ब्रेक ओढतो आणि मग माझ्यासारखा घरी बसतो.

पुढचा ब्रेक वाईट असतो असा एक समज शाळेच्या सायकलीपासून आपल्या डोक्यात बसलेला आहे. तो काढून टाका. ब्रेक लागताच सायकलचा आणि आपला भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे जमिनीला घट्ट धरून सायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाकच करतं. मागचा ब्रेक जोरात दाबला तर मागचं चाक नुसतं घसरत जातं आणि टेकडीच्या वाटेवर चर पाडून ठेवतं. दोन्ही ब्रेक वापरायचे. एकेका बोटाने, हळूहळू दाब वाढवत. प्रश्न असतो तो कधी वापरायचे याचा. वेग कमी करायचा तो अडथळ्याच्या आधी, सरळ आणि घट्ट जमिनीवर. प्रत्यक्ष पायरीवर, मुळीवर किंवा ओल्या दगडावर चाक असताना बोटं ढिली. माझं कॉलरबोन या एका नियमाच्या किमतीत गेलं.

ब्रेकचं हे दुखणं या खेळाच्या जन्मापासूनचं आहे. ऑक्टोबर 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली शर्यत लावली. दोन मैलांच्या जेमतेम पलीकडे जाणारी वाट, आणि तेवढ्यात सुमारे तेराशे फुटांचा उतार. त्या सायकलींना पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक होता. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधलं ग्रीस तापून धूर होऊन जायचं आणि शर्यत संपली की हब उघडून ते पुन्हा भरावं लागायचं. त्या शर्यतीला नावच पडलं 'रिपॅक'. आज आपण चालवतो त्या सायकली त्या पोरांच्या खटपटीतून निघाल्या आणि वीस वर्षांनी, 1996 मध्ये, हा खेळ अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पोचला. आपल्याकडे आता डिस्क ब्रेक आहेत, ग्रीस जळत नाही. बोटं मात्र तीच आहेत.

पायरी

आता ती वीतभर पायरी उतरायची कशी ते सांगतो. जवळ येताना वेग भरभर चालण्याइतका. त्याहून कमी केलात तर तोल जातो आणि चाक कडेवर अडखळतं. भीतीने माणूस नेमका तिथेच जास्त हळू होतो. कडेच्या दोन मीटर आधी ब्रेक सोडा, पायडल एका पातळीत आणा, गुडघे वाकवून अंग खाली घ्या. पुढचं चाक कडेवरून खाली जायला लागलं की हात लांबवून हँडल पुढे-खाली ढकला, चाकाला जमिनीपर्यंत पोचवा. हात लांब होत असताना कंबर आपोआप मागे जाते. मागचं चाक खाली आलं की पुन्हा मधे या. सगळं मिळून एक सेकंद.

'उतारावर मागे बसा' हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धाच खरा आहे. मागे जायचं ते सायकल पुढे कलली आहे तेवढ्यापुरतं. जे आधीपासून मागच्या टायरवर जाऊन बसतात, त्यांचे हात ताठ झालेले असतात, पुढचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक वळवलं तरी वळत नाही. भार पायांवर आहे की नाही हे तपासायची खूण अशी : उतारावर क्षणभर बोटांची पकड सैल केली तरी तोल जाता कामा नये.

अशी सरळ गडगडत उतरायची पायरी साधारण दीड वितीपर्यंत ठीक. त्याहून उंच कड असेल तर पुढचं चाक खाली टेकायच्या आधीच सायकलचं पोट, म्हणजे पायडलजवळचं दातेरी चाक, दगडाला घासतं आणि सायकल तिथेच अडकते. तिथे चाकं हवेत सोडून उतरण्याचं तंत्र लागतं आणि ते कुणाच्या तरी नजरेखाली शिकायचं. लेख वाचून शिकायचं ते नाही.

पायरी चढणं दिसतं त्याहून सोपं आहे. पुढचं चाक दगडापासून अर्ध्या चाकाइतकं लांब असताना अंग खाली दाबा, मग हात लांबवत कंबर मागे न्या आणि त्याच वेळी पायडलला अर्धा जोरकस दाब द्या. पुढचं चाक उचललं जातं. हँडल हाताने खेचून चाक उचलायचा प्रयत्न बहुतेक जण करतात, त्यात नुसती पाठ दुखते. चाक दगडावर टेकलं की लगेच छाती पुढे, हँडलच्या वर आणा, म्हणजे मागच्या चाकावरचा भार निघून जातो आणि ते दगडाला धडकून मुकाट वर येतं. इथे गडबड होते ती दुसऱ्या अर्ध्या भागात. पुढचं चाक चढलं या आनंदात माणूस मागेच बसून राहतो.

सराव टेकडीवर नको, सोसायटीच्या आवारात करा. एक वीट आडवी टाका, मग तिच्यावर दुसरी वीट आणि फळी. मग फुटपाथची कड. रोज दहा मिनिटं, पंधरा दिवस. शेजारची मुलं तुमच्याकडून सायकल मागून घेतील आणि तिसऱ्या दिवशी तुमच्यापेक्षा चांगलं करून दाखवतील, त्याची तयारी ठेवा.

मुरूम, चर, शेवाळ

परदेशातल्या चित्रफिती बघून शिकणाऱ्यांना एक अडचण येते. त्यात पाइनच्या जंगलातली मऊ, काळी, ओलसर माती असते. आपल्याकडे देशावर आहे तो ज्वालामुखीचा काळा कातळ आणि त्याचा झिजून झालेला मुरूम. हे दोन्ही नीट ओळखून घ्यावे लागतात, कारण एकाच वाटेवर पाच मिनिटांत त्यांचा स्वभाव बदलतो.

कोरडा काळा कातळ टायरला छान धरतो. इतका, की तीव्र उताराचा कातळही दिसतो तेवढा घातक नसतो. दोन्ही ब्रेक हलके धरून एका लयीत उतरता येतो, फक्त खाली कातळ जिथे संपतो तिथे काय आहे ते आधी बघून ठेवायचं. तोच कातळ श्रावणात, शेवाळ धरल्यावर, साबणासारखा होतो. त्याच्यावर ब्रेक नाही, वळणं नाही, पायडलचा झटका नाही. सरळ रेषेत सोडून द्यायचं किंवा उतरून चालायचं. मी चालतो. ओढा ओलांडतानाही तेच. पाणी चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या खाली असेल आणि तळ दिसत असेल तरच सायकलवरून. हलका गिअर आधीच टाकून, पायडल न थांबवता. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून डिस्क सुकवून घ्यायची.

कोकणात आणि गोव्यात जांभा लागतो. तो खरखरीत असल्याने पकड चांगली मिळते, पण पडलात तर किसणीवर पडल्यासारखं कातडं सोलून निघतं. तिथे हातमोजे आणि गुडघ्याची पॅडं हवीतच. हेल्मेटबद्दल वेगळं लिहीत नाही, ते घालूनच तुम्ही हे वाचताय असं धरून चालतो.

मुरूम हा आपला खरा शिक्षक. दिवाळीनंतर वाटा सुकल्या की घट्ट जमिनीवर त्याचा सुटा थर साठतो, गोट्या पसरल्यासारखा. ट्रेकला जाणारे ज्याला घसारा म्हणतात, तोच. घसाऱ्यावर एकच गोष्ट पाळायची : काहीही एकदम करायचं नाही. एकदम ब्रेक नाही, एकदम वळण नाही. चाकं थोडी इकडे-तिकडे सरकणारच, त्यांना सरकू द्या. सायकल तुमच्याखाली वळवळते आणि तुम्ही वर शांत आहात, हे एकदा अंगवळणी पडलं की मुरमाची भीती निम्मी होते. वळण घेताना अंग नव्हे, सायकल आत कलवा. स्वतः सायकलच्या वर, थोडे बाहेरच्या बाजूला राहा आणि बाहेरचा पाय खाली दाबा. टायरच्या कडेचे दाते तेव्हा जमिनीत रुततात. ब्रेक लावायचाच तर दगड किंवा घट्ट माती दिसेल त्या तुकड्यावर लावा, सुट्या मुरमावर सोडून द्या.

पावसाच्या पाण्याने वाटेच्या मधोमध पडलेल्या चरींचं गणित वेगळं. आत जायचं की बाहेर राहायचं, हे आधी ठरवा. चर एक तर तुमची वाट असते, नाही तर तुम्ही तिच्या कडेने असता. मधेच विचार बदलला तर पुढचं चाक भिंतीला तिरकं घासतं आणि सायकल खाली झोपते. आत गेलात तर नजर चरीच्या दूरच्या टोकाकडे. ओलांडायचीच असेल तर शक्य तितक्या काटकोनात. झाडांच्या मुळ्यांनाही हाच काटकोनाचा नियम. ओली, तिरकी मुळी म्हणजे तेल लावलेला बांबू.

काळ्या मातीबद्दल एवढंच सांगतो : ती ओली असताना जाऊ नका. शंभर मीटरमध्ये ती चाक आणि फ्रेम यांच्यात गच्च बसते, चाक फिरायचं थांबतं आणि मग पंधरा किलोची सायकल खांद्यावर घेऊन तुम्ही शेतातून चालत येता.

चढ आणि वळणं

खडबडीत चढावर दम कमी पडला म्हणून थांबावं लागतं असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा गिअर उशिरा टाकलेला असतो. चढ दिसला की पाय जड व्हायच्या आधी हलका गिअर. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपरं खाली आणा, हनुवटी हँडलकडे. मागे बसलात तर पुढचं चाक उचलतं, उभे राहिलात तर मागचं चाक मुरमात फिरतं. मधली एक जागा असते, ती दोन-चार चढांत सापडते. दोन्ही बाजूंना धोंडे आहेत आणि पायडल पूर्ण फिरवलं तर ठोकर बसेल अशा जागी पायडल पाव-अर्धा फेरा पुढे मारून पुन्हा मागे आणायचं, पुन्हा पुढे मारायचं. हे घरासमोर सपाटीवर आधी करून बघा. चढावर थांबलात तर वाटेला आडवे उभे राहून सुरुवात करा, एका पायाने जमिनीचा आधार, दुसऱ्याने पायडल, आणि मग हळूच चढाकडे वळा.

घाटातल्या पायवाटांवरची आखूड, उलटी फिरणारी वळणं भल्याभल्यांना उतरायला लावतात. बाहेरच्या कडेने या, वळणाआधी वेग पुरता कमी करा, आणि मग मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघा. नुसते डोळे नव्हे, हनुवटी वळली पाहिजे. समोरच्या दरीकडे बघितलंत तर काय होतं ते बाभळीच्या गोष्टीत आलंच आहे. आणि तोल जातोय असं वाटलं तर डोंगराकडचा पाय टेका. दरीकडचा पाय टेकायला गेलात तर तो जमिनीला लागेलच असं नाही.

उतरून चालणारे

अवघड जागी सायकलवरून उतरून, चालत जाऊन वाट बघून येण्यात आपल्याला उगाच कमीपणा वाटतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै 2021 मध्ये, नेदरलँड्सचा माथ्यू व्हान डर पूल हा पदकाचा मोठा दावेदार पहिल्याच फेरीत एका दगडी उतारावरून हँडलवरून फेकला गेला आणि पुढे शर्यत सोडून बाहेर पडला. सरावाच्या वेळी तिथे एक फळी लावलेली होती, ती शर्यतीतही असेल असं तो धरून चालला होता. फळी काढलेली होती. जगातल्या अव्वल सायकलपटूला जी चूक एवढी महाग पडली, ती टाळायला आपल्याला दोन मिनिटं खर्च करायला काय हरकत आहे? टेकडीवरच्या वाटा तर प्रत्येक पावसात बदलतात. गेल्या मे महिन्यातली सपाट वाट ऑक्टोबरमध्ये गुडघाभर चर असू शकते.

मी आता असं करतो. अवघड जागा आली की उतरतो, वरून आणि खालून दोन्हीकडून बघतो. वरून सोपी दिसणारी वाट खालून वेगळीच दिसते. चाक कुठून घालायचं ते ठरवतो, चुकलो तर कुठे पडेन तेही बघतो. पडायची जागा वाईट असेल, म्हणजे खाली कठीण दगड, काटेरी झुडूप किंवा दरी असेल, तर अडथळा कितीही सोपा असो, सायकल हातात धरून जातो. पडायची जागा बरी असेल तर तीन वेळा प्रयत्न करतो. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर त्या दिवसापुरतं सोडून देतो, कारण चौथ्या प्रयत्नात पाय थकलेले असतात आणि डोक्यात राग असतो. आणि जमलं, तर पुढे न जाता मागे येऊन पुन्हा दोनदा करतो. एकदा जमलेलं नशिबाने जमलेलं असू शकतं.

पडणं टळत नाही, पण पडताना हात ताठ करून जमिनीवर टेकू नका. मनगट किंवा कॉलरबोन जातं ते तसंच. सायकल सोडून द्या, अंग गोळा करा, लोळा. सायकलवरच्या ओरखड्यांचं दुःख दोन दिवसांचं असतं. एकट्याने जात असाल तर कुठे जातोय आणि कधी परतणार ते घरी सांगून जा. फोन मागच्या खिशात ठेवू नका, पडलात की त्याच्यावरच पडाल.

टेकडी आपल्या एकट्याची नाही. चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, लांबूनच घंटी किंवा आवाज द्यायचा, चढणाऱ्या सायकलवाल्यासाठी उतरणाऱ्याने थांबायचं. किल्ल्यांच्या पायऱ्यांवरून सायकली उतरवण्याची हौस मला पटत नाही. साडेतीनशे वर्षांची दगडी बांधणी आपल्या सरावासाठी नाही. राखीव जंगलात आणि अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. आणि अडथळा अवघड वाटला म्हणून त्याच्या शेजारून झुडपं तुडवत नवी वाट पाडू नका. पुढच्या पावसात तिथूनच पाणी धावतं आणि दोन वर्षांत तिथे ओढा होतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. खरं तर ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती. पंक्चरवाल्याकडे गेलात तर तो अंगठ्याने दाबून टायर दगडासारखा टणक करून देतो, कारण त्याच्याकडे येणाऱ्या बाकी सायकली रस्त्यावर चालतात. तसल्या टायरवर चाक प्रत्येक खड्याला टप्पा खातं आणि तुम्हाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पासष्ट-सत्तर किलोचा माणूस, सव्वादोन इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर पुढे सव्वीस ते अठ्ठावीस पीएसआय आणि मागे दोन जास्त, इथून सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर तीन-चार कमी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, आणि टायरच्या बाजूला छापलेल्या मर्यादेत राहा. हवा फारच कमी झाली तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यात चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, हीच खूण. घड्याळ असलेला साधा पंप घरी असू द्या, आणि येत्या रविवारी टेकडीवर निघायच्या आधी दोन्ही टायरमधली हवा तेवढी मोजून बघा.